पांढरं पागोटं

श्री

मुक्काम अमरावती, माघ शुद्ध ७, शके १७८६

राजमान्य राजश्री व्याहीबुवा खुशालराव, मुक्काम अकोला, जुने शहर, यांस नत्थुजीचा राम राम.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. ठीक काही नाही. विहीणबाई पार्वताबाईंचा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान गरम करून बांधा म्हणावं. माझं मागचं पत्र पोचलं असेल तर उत्तर का नाही, आणि पोचलं नसेल तर ते कोणी वाचलं, याच विचारात मी दोन आठवडे आहे. हे पत्र मी टपालवाल्याच्या हातात स्वतः देणार. तरी पोचल्याचं कळवा.

विलायतेत कापूस मिळत नाही म्हणतात, म्हणून इथे रस्त्यावर गाड्यांखेरीज काही दिसत नाही. गाड्या हाकणाऱ्या धुरकऱ्यांच्या बैलांना चांदीच्या साखळ्या आल्या. माधोजी शेटचा रुईचा दाब उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत चालतो. तो आवाज आमच्या घरापर्यंत येतो. आवाज आला की तुमचा जावई शेषराव भिंतीकडे तोंड करतो.

तुम्ही दाब पाहिला नाही, म्हणून सांगतो. मधोमध मळसूत्री खांब असतो. त्याला आडवे दांडे. दहा माणसं दांडे छातीशी धरून गोल फिरतात, खांब खाली उतरतो आणि कापूस दबतो. दबलेल्या कापसाची गठाण बांधून होईपर्यंत दांडे उलटे फिरू नयेत म्हणून एक लोखंडी अडकण असते. ही अडकण झिजली होती. शेषरावानेच मुनिमाला दाखवली होती. मुनीम रामराव म्हणाला, "हंगाम संपू दे, मंग बदलू." कार्तिक वद्य नवमीला अडकण सुटली. दांडे उलटे फिरले. बाकीचे नऊ जण खाली पडले म्हणून वाचले. शेषरावाचा उजवा हात दांडा आणि खांब यांच्यामध्ये सापडला. दवाखान्यातल्या डॉक्टराने तो कोपराच्या वर कापला आणि त्याला घरी पाठवलं.

चौथ्या दिवशी रामराव मुनीम घरी आला. ज्वारीची सहा पोती उतरवली, माझ्या डोक्याला पागोटं बांधलं. विसाव्या दिवशी शेषराव उठून बसला, पेज मागितली. त्याच आठवड्यात तोच मुनीम गाडी घेऊन आला आणि ज्वारी परत भरून घेऊन गेला. पाचवं पोतं फोडलेलं होतं, तेही शिवून नेलं. पागोटं तेवढं राहिलं.

मी सोडणार नाही, व्याहीबुवा. माझं वय झालं, छातीत घरघर आहे, रात्री दाराची कडी लावली की नाही ते तीनदा उठून बघतो, पण हे मी सोडणार नाही. कचेरीसमोर बसणारा अर्जनवीस कुर्बानमियाँ याच्याकडून साहेबाला अर्ज लिहून घेतला आहे. शिवाय रोज सकाळी शेषरावाला घेऊन दाबासमोरच्या निंबाखाली बसतो. खेड्यांतून मजुरांची नवी टोळी आली की त्याची बाही वर करतो आणि म्हणतो, "पाहा, अन् मंग आत जा." दोन टोळ्या परत गेल्या. फाटकावर मुनिमाचं तोंड कडू झालेलं पाहून मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

शेषराव चिडतो. "बावा, मी काय बजारातला बैल हाओ काय, दात दाखवाले?" म्हणतो. तरी येतो.

आता तुमच्या लेकीबद्दल. गोदाने असं करायला नको होतं. नवरा लुळा झाला म्हणून बाईने माहेरची गाडी बोलवायची, याला काय म्हणावं? तो डाव्या हाताने भाकर मोडतो, तुकडा ताटाबाहेर जातो. तिला समजवा आणि पाठवून द्या. लोक विचारतात, मला उत्तर देता येत नाही.

विहीणबाईंना नमस्कार.

आपला व्याही,

नत्थुजी


मुक्काम अमरावती, माघ वद्य १०

खुशालराव व्याही यांस राम राम.

तुमचं उत्तर पोचलं. रागाने लिहिलं आहे, ते दिसलं. "आमची लेक दोन महिन्यांत एक शब्द बोलली नाही, फक्त म्हणते की नवऱ्याला इकडे पाठवा, मी त्या घरात पाय ठेवणार नाही" असं तुम्ही लिहिता, आणि मला कारण विचारता. कारण मी कुठून सांगू? बायकांच्या मनातलं मला कळत असतं तर काय हवं होतं.

काल कचेरी झाली. ते सांगतो.

आत जाण्याआधी कुर्बानमियाँने मला ओट्यावर बसवून पुन्हा सगळं समजावलं. तो म्हणाला, "देखो नत्थुजी, सायबाच्या किताबात मेलेल्या मानसाच्या वारसाले मागता येते. जित्त्या मानसाच्या हातासाठी काहीच लिवलं नाई."

मी म्हटलं, "मंग हात गेला त्याचं कोनीच देनं लागत नाई?"

"किताब नाई लागत. पन दस्तूर लागते. शेटच्या दाबात मानूस बरबाद झाला का शेट त्याच्या घरच्याले देते, हे शाबीत करा. ज्वारी दिली, ती अपघातापायी दिली, हे शाबीत करा. मंग साहेब देववते. फक्त बीच में झूट नको. एक झूट सापडलं का सारा दावा पान्यात."

मी मान हलवली.

साहेब तरुण आहे, घामाने लाल झालेला. शिरस्तेदार त्याला सगळं उलगडून सांगतो. रामराव मुनीम हात जोडून म्हणाला, ज्वारी उसनी दिली होती, परत नेली. आणि पागोटं?

"ते दिवाळीचा आहेर, सरकार. देनं राहून गेलं होतं."

मी पागोटं बरोबर नेलं होतं. कुर्बानमियाँने ते सगळ्यांसमोर उलगडलं. कोरं पांढरं, काठ नाही, रंगाचा ठिपका नाही. तो म्हणाला, "मुनीमजी, दिवाळीले पांढरं पागोटं कोनत्या गावात देतेत?"

सगळी कचेरी हसली. पट्टेवालासुद्धा. मुनिमाच्या कानशिलांवरून घाम उतरला. मी आयुष्यात इतका सुखी कधी झालो नव्हतो. वाटलं, घाम गळ्यापर्यंत उतरू दे, तसाच दिवसभर उभा राहू दे.

साहेबाला हसू कळलं नाही. शिरस्तेदाराने त्याला सांगितलं, की घरात माणूस मेला म्हणजे नातलग आणि धनी येऊन कर्त्या पुरुषाला पांढरं पागोटं बांधतात, त्याला दुखवटा म्हणतात. साहेबाने लेखणी खाली ठेवली. शेषरावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मोडक्या हिंदुस्थानीत विचारलं, हा माणूस तर जिवंत आहे. मग दुखवटा कोणाचा? आणि तुम्ही तो का घेतला?

मला खोकला आला. तो थांबेना. साहेबाने पाणी द्यायला सांगितलं आणि फाल्गुन शुद्ध बारशीची तारीख दिली. ज्वारी आणि पागोटं देताना काय बोलणं झालं, ते ऐकणारा साक्षीदार आणा, नाहीतर दावा काढून टाकीन, असं म्हणाला.

बाहेर आल्यावर कुर्बानमियाँने विचारलं, "घरात तवा कोन होतं?"

मी म्हटलं, "कोनी नाई."

छाती फार भरली आहे. जास्त लिहवत नाही.

आपला व्याही,

नत्थुजी


मुक्काम अमरावती, फाल्गुन शुद्ध ३

व्याहीबुवा खुशालराव यांस,

हे पत्र तुम्ही आधी एकटे वाचा. मग गोदाला वाचून दाखवा. गाळू नका.

परवा निंबाखाली रामराव मुनीम स्वतः चालत आला. शेषराव पाणी प्यायला विहिरीवर गेला होता. मुनीम माझ्याजवळ उकिडवा बसला, जुना मित्र असल्यासारखा. "नत्थुजी, सहा पोते परत आनून टाकतो. शेषरावाले फाटकावर बसवतो, चौकीदार. अर्ज मागं घ्या अन् इथून उठा."

मी म्हटलं, "नाई उठत. साक्षीदार आनीन."

तो हसला. "सुनेले बोलावता काय? बोलवा ना. दाराआड उभी होती, मले तिचा पदर दिसला होता. ती माह्यं सांगन, अन् तुमचं बी सांगन."

तेव्हापासून मी भाकरीला हात लावला नाही. आता लिहितो.

चौथ्या दिवशी मुनीम आला तेव्हा शेषरावाला तापात शुद्ध नव्हती. मुनीम रिकाम्या हाताने आला होता. गाडी बाहेर उभी होती, पण भरलेली होती हे मला ठाऊक नव्हतं. ओसरीत बसून त्याने विचारलं, "कसा हाय पोट्टा?" मी म्हटलं, काही खरं नाही. मग मी विचारलं, शेट काय देतील. तो म्हणाला, "शेटचा दस्तूर ठरलेला हाय. मेल्याचं देतो, लुल्याचं देत नाई. लुल्याले देत बसलो तर अर्धा जिल्हा हात तोडून येईन."

घरात त्या दिवशी दोनच पायल्या पीठ होतं. मला भीती वाटली. मी भीतीचाच माणूस आहे, व्याहीबुवा, तुम्हाला ठाऊक आहे. पण भीतीवर मी ढकलणार नाही. माझ्या मनाने हिशेब केला. पोरगा जायचाच आहे, आज नाही तर उद्या. उद्या गेला आणि मुनीम आला नाही तर? मी म्हटलं, "तो गेलाच धरा."

मुनीम म्हणाला, "धरा कसं? गेला म्हना."

मी म्हटलं, "गेला."

आत शेषराव कण्हत होता. मुनिमालाही ऐकू येत होतं. त्याने गाडीवानाला हाक मारली, पोती उतरवली आणि माझ्या डोक्याला पांढरं पागोटं बांधलं. बांधून होईपर्यंत मी मान स्थिर ठेवली. मागे वळलो तर दारात गोदा, हातात ओल्या फडक्याचं भांडं. कपाळाचं कुंकू तिने पदराने झाकलं, जणू माझी नजर त्याला लागेल.

पुढचे सोळा दिवस रात्रंदिवस तिने एकटीने त्याला जगवलं. मी दिलेलं औषध तिने एकदाही त्याला पाजलं नाही, स्वतः नवं उगाळलं. तो बसता झाला तेव्हा त्याला म्हणाली, "चाला माह्यासंग अकोल्याले." तो म्हणाला, "बावाले एकटं टाकून कसा येऊ?" तिने तेव्हाही त्याला सांगितलं नाही. तुम्हालाही सांगितलं नाही. आणि मी तिच्याबद्दल माघ सप्तमीच्या पत्रात काय लिहिलं ते तुमच्याजवळ आहे. ते जाळू नका. ठेवा.

माझं म्हणणं आता ऐका. गोदाला बारशीला कचेरीत आणा. दशमीला बडनेऱ्याच्या अलीकडे मुक्काम करा, बैल दमवू नका. तिने साहेबापुढे मुनिमाचे शब्द सांगावेत, आहेत तसे. मेल्याचं देतो, लुल्याचं देत नाही. हे शब्द शाबीत झाले की ज्वारी कशापायी दिली ते शाबीत झालं. शिवाय जिवंत माणसाला मेला म्हणवून घेणारा मुनीम आणि तो दस्तूर पाळणारा शेट सगळ्या अमरावतीला दिसतील. मग पाहू कोणती टोळी त्या फाटकातून आत जाते. ऐन हंगामात त्याचे दांडे उभेच्या उभे राहू देत, अंगणात कापूस भिजू दे.

पण मुनिमाचे शब्द तिने सांगितले की साहेब विचारणार, तुझ्या सासऱ्याने काय उत्तर दिलं. तेही तिने सांगावं. तिथे अडखळू नये. माझ्याकडे पाहू नये. माझी लाज राखायला एक शब्द जरी मऊ केला, तर रामराव तोच शब्द धरेल, आणि सुटेल. मला तो सुटलेला नको. तो साहेबापुढे मान खाली घालून उभा राहिलेला मला पाहायचा आहे. त्याच्या शेजारी माझी मान खाली गेली तरी चालेल. एकट्याची मान खाली घालण्यापेक्षा दोघांची बरी, असंही मनात येतं. काय लिहितो आहे मी.

शेषरावाला चौकीदारी पसंत होती. मी त्याला न विचारता मुनिमाला नाही म्हटलं. त्याला ते कळलं तेव्हा तो म्हणाला, "बावा, हात माहा गेला, अन् दावा तुमचा हाय." म्हणून आज सकाळी कुर्बानमियाँकडे जाऊन अर्जाच्या शेवटी एक ओळ घालून घेतली. जे काही मिळेल ते शेषराव आणि त्याची बायको यांच्या हाती द्यावं, अर्जदाराच्या हाती देऊ नये. कुर्बानमियाँने कारण विचारलं. मी सांगितलं. त्याने बराच वेळ लेखणी पुसली आणि ओळ लिहिली. लिखाईचं काही घेतलं नाही.

शेषरावाला अजून काही ठाऊक नाही. त्याला घरी सांगण्याचं धाडस मी तीनदा केलं. तिन्ही वेळा दाराची कडी बघायला उठलो. कचेरीत त्याला बायकोच्या तोंडून कळेल. तेव्हा तुम्ही त्याच्या डाव्या बाजूला उभे राहा, हात धरता येईल असे. तो माझ्यावर धावून आला तर त्याला अडवू नका.

जबानी झाली की दोघांना घेऊन त्यांच्या घरी जा. किल्ली शेजारच्या सुभद्राबाईकडे ठेवली आहे. चुलीजवळ सरपण आहे, मडकं भरून ठेवीन. मी तिथे नसेन. वरूडकडे माझ्या चुलतभावाचं शेत आहे, तिथे राखणीला माणूस हवा आहे.

विहीणबाईंना काही कळवू नका, किंवा कळवा. तुम्हाला योग्य वाटेल तसं.

नेहमी मी खाली नातं लिहितो. आज जागा रिकामी ठेवली आहे. बारशीनंतर तुमच्या लेकीला ती भरावीशी वाटली तर भरू दे, नाहीतर तशीच राहू दे.

नत्थुजी