मुक्ताची खुर्ची

शनिवार, संध्याकाळ

मुक्ताचा व्हिसा शेवटपर्यंत आलाच नाही. फायटिंग गेमची, म्हणजे मारामारीच्या व्हिडिओ गेमची, वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा आज परदेशात सुरू झाली आणि माझी मुलगी कर्वेनगरात बसून ती मोबाइलवर बघत होती. तिचं नाव पुकारलं. खुर्ची रिकामी. समोरचा खेळाडू कंट्रोलर मांडीवर घेऊन दहा मिनिटं थांबला, मग त्यालाच विजयी ठरवलं.

"याला मी ऑनलाइन दोनदा हरवलंय, बाबा."

"पुढच्या वर्षी जाशील."

"पुढच्या वर्षी परत पात्र ठरावं लागतं."

ती रिकामी खुर्ची डोळ्यांसमोरून हलत नाही. व्हिसासाठी दूतावासाला चार पत्रं लिहिली मी, एकाचंही उत्तर आलं नाही. अजून काय करायला हवं होतं?

आता आतल्या खोलीतून तिच्या कंट्रोलरच्या बटणांचा आवाज येतोय. सराव करतेय. कशासाठी, हे विचारायचं धाडस होत नाही.