लोरेनच्या गाडीतला कॅमशाफ्ट

मन्सी, ४ एप्रिल १९७६

चि. ड्वेन यास, आर्व्हिलाताईचे अ. उ. आ. वि. वि.

कॅमशाफ्ट कोणता घालू म्हणून विचारतोस आणि उत्तर आधीच ठरवून बसलायस. तो मोठा नको. कॅमशाफ्ट हा इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, आणि त्या मोठ्यानं त्या फार वेळ उघड्या राहतात. शर्यतीत ठीक, पण सिग्नलला गाडी गचके खाते. ब्रेक दाबायला मदत करणारी इंजिनाची हवेची ओढ कमी पडते आणि पेडल दगड होतं. गाडी लोरेन चालवते, रोज इस्पितळात कामाला जाते. मधला घे. जोर कळेल आणि चौकात त्रास नाही. अठरा वर्षं इंजिनं उघडतेय बाबा, एवढं ऐक.

माया आहेच, ती राहू दे.
ताई

लायमा, २ मे

ती. वन्सं यांस, लोरेनचा सा. न. वि. वि.

तुम्ही निवडलेला कॅमशाफ्ट बसवल्यापासून गाडी उभ्या उभ्या थरथरते, दोनदा बंद पडली. हे म्हणतात, ताईनंच सांगितलाय, सवय होईल. परवा शाळेपाशी ब्रेकवर दोन्ही पाय रोवले तरी गाडी थांबेना. मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या मिसेस पॅजेट बाजूला पडल्या म्हणून वाचल्या, गुडघा फुटलाय. आणि यांचे मित्र म्हणतात, आवाज काय झकास येतो! किळस आली मला.

वन्सं, माझ्यावर काही राग होता का?
तुमची लोरेन

मन्सी, ६ मे

ड्वेन,

या खेपेला आशीर्वाद नाहीत. शिसारी आली तुझी. चुकीचा कॅमशाफ्ट काढता येतो रे. पण माझं नाव पुढे करून बायकोचं तोंड बंद केलंस! गाडी ट्रकवर चढवून पाठव. मधला कॅमशाफ्ट इथे तयार ठेवलाय. त्याआधी माझं एप्रिलचं पत्र लोरेनच्या हातात दे.

आर्व्हिला

लायमा, १३ मे

ती. वन्सं यांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांनी टेबलावर ठेवलं आणि पायरीवर जाऊन बसले. मी वाचलं. तुमच्यावर संशय घेतला, माफ करा. यांना म्हटलं, मला तुमच्याकडे बघवत नाही. सोमवारपासून मिसेस पॅजेटच्या जागी हेच शाळेपाशी उभे राहतात. राहू देत.

शनिवारी गाडीबरोबर मी एकटीच येते. इंजिन उघडाल तेव्हा मला शेजारी उभं करा. यापुढे माझ्या गाडीत काय घालायचं ते मी ठरवणार.

जेवायला थांबेन. लोभ धरावा.
लोरेन