विचारण्याचा हक्क

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कवळ्या करण्याचा, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. तो दोन डॉक्टरांचा घेतला, कारण बेपत्ता सैनिकांच्या कायद्यासाठी नेमलेल्या समितीतील एका सदस्याने चारचौघांत माझ्या डोक्यावर परिणाम झाल्याचे सांगितले होते. त्या गृहस्थांना मी माफ करते. कवळी मात्र त्यांनी दुसरीकडे करावी.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व सामानासह, माझ्या सुनेला द्यावे. माझा मुलगा सैन्यात होता. सव्वीस वर्षांपूर्वी गस्तीवर गेला आणि परतला नाही. "बेपत्ता" एवढा एक शब्द कळवण्यात आला. सहाव्या वर्षी सुनेने दुसरे लग्न केले, तेव्हा मी तिच्याशी चार वर्षे अबोला धरला. चूक माझी होती. शेवटी तीच टाइपरायटर उचलून दारात आली आणि म्हणाली, "आई, तुमचं अक्षर कुणाला लागत नाही. बोलायचं नसेल तर नका बोलू, मजकूर तेवढा सांगा." मुलाच्या शोधासाठीचा पुढचा प्रत्येक अर्ज तिने टाइप केला. तिच्या नवऱ्याला मी जावई म्हणते. लोकांना काय म्हणायचे ते म्हणोत.

कलम २. मापाचे साचे, सुऱ्या, स्पिरिटचा दिवा व घासायचे यंत्र दवाखान्यातील मदतनीस बाईंना द्यावे. कामाची पद्धतही त्यांनी माझीच ठेवावी. मापाचा लगदा तोंडात घट्ट होईपर्यंत तीन मिनिटे माणसाला बोलता येत नाही, उठताही येत नाही. त्या तीन मिनिटांत मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बेपत्ता सैनिकांचा कायदा का हवा ते सांगत असे. समितीचे अध्यक्ष स्वतः कवळीसाठी आले, तेव्हा मी त्यांचे माप चार वेळा घेतले. पहिले माप चांगले आले होते, हे आज कबूल करते. चौथ्यानंतर चूळ भरून ते म्हणाले, "बाई, मसुदा द्या. वाचतो. पण आता पुरे करा." त्यांनी तो खरोखर वाचला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

कलम ३. माझ्या मुलाच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा कपाटाच्या वरच्या खणात आहे. तो सैन्यातील बेपत्तांच्या नव्या शोध कार्यालयाकडे पावती घेऊन सुपूर्त करावा. त्यांच्याकडची त्याच्या दातांची नोंद हरवली आहे. माझ्याकडची हरवलेली नाही. पावतीशिवाय कोणाच्याही हातात देऊ नये.

कलम ४. जुन्या नियमानुसार अर्ज करणारे आई, बाप किंवा बायको हयात असेपर्यंतच फाईल चालू राहत असे. बेपत्ता विभागातील कारकून मला धीर द्यायला एकदा म्हणाले होते, "आजी, काळजी नको. तुम्ही आहात तोवर फाईल आहे." मी जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसून राहिले. बेपत्तांच्या दोनशे सहा घरांतली माणसे मरायची वाट तो विभाग बघत होता, हे मला तिथे कळले. माझा सगळा राग त्या पायरीवर जमा झाला आणि एकोणीस वर्षे पुरला.

आता कायदा झाला आहे. माणूस किंवा त्याचे अवशेष मिळाल्याखेरीज फाईल बंद करता येत नाही. दर वर्षी लेखी उत्तर द्यावे लागते. आणि विचारण्याचा हक्क मृत्युपत्राने कोणालाही देता येतो. "रक्ताच्या नातेवाइकास" असे शब्द घालायचा प्रयत्न झाला होता. आम्ही एकशे नव्वद बायका तीन दिवस सभागृहाच्या जिन्यावर बसलो आणि ते शब्द काढायला लावले.

तो हक्क मी माझ्या सुनेच्या या दुसऱ्या घरच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला, देत आहे. वय अठरा पूर्ण, प्रकृती ठणठणीत, स्वभाव चिवट. तिने माझ्या मुलाला पाहिलेले नाही. मी विचारले तेव्हा म्हणाली, "आजी, मी विचारीन. पण ते माझे कोण, असं तिथं म्हणाले तर?"

तर तिने हे मृत्युपत्र टेबलावर ठेवावे, माझ्या नावापुढे "मयत" लिहून घ्यावे, त्याखाली आपले नाव घालावे आणि माझा मुलगा कुठे आहे असे विचारावे. नात्याच्या रकान्यात "वारस" लिहावे. कायद्याने एवढे पुरते, आणि उत्तर देणे त्यांना भाग आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो बरोबर आहे. तो ऐकताना मी सुखात होते, याचीही नोंद असावी.

सही

आमच्यादेखत सही केली:
१. बेपत्ता विभागातील निवृत्त कारकून. साक्षीदाराला काही मिळत नसते, हे त्यांना सांगितले आहे. ते म्हणाले, "सही करायला मिळते आहे, तेवढं बास."
२. निवृत्त मुख्याध्यापिका, वरची-खालची कवळी माझ्याच हातची.

स्थळ: दवाखान्याची मागची खोली.
दिनांक: एकोणीस, गुरुवार, कायदा लागू झाल्याचा अकरावा दिवस.