मर्गेनचा आवाज, मर्गेनची पावलं

१४ जानेवारी

मरायला गेले होते, मारणारी होऊन आले!

अजून हसतेय. बिश्केकच्या ओश बाजारामागच्या एका इमारतीच्या तळघरात पाच-सहा पोरं मिळून व्हिडिओ गेम बनवतात. भयाचा. बर्फात अडकलेलं गाव, लपतछपत पळणारी एक मुलगी, आणि तिच्या मागावर शिकारी — तुयगुन मर्गेन. जनावरं मारून कंटाळलाय, आता माणसं मारतो. त्यांना गावातली एक म्हातारी हवी होती, दाराआड किंचाळून मरणारी. आमच्या बाहुल्यांच्या थिएटरातून कुणीतरी माझं नाव सुचवलं. आयुष्यभर पडद्यामागे ससे केले, करडं केली, साळिंदरं केली. म्हटलं, एकदा माणूस होऊन मरू.

पण नीट किंचाळताच येईना! ऐदाई म्हणून त्यांची म्होरकी आहे, पोरगीच, घरातही लोकरी टोपी घालून बसणारी. ताई मानून एजे म्हणते, आणि वर विचारते, "झूरा एजे, तुम्ही मरताय की शिंकताय?"

मग चहा. ऐदाई रडकुंडीला आलेली. मर्गेनच्या आवाजासाठी ऑपेरातले, रेडिओवरचे, सगळे भारदस्त पुरुष येऊन गेले. "सगळे गुरगुरतात हो! गुरगुरतो तो कुत्रा, मर्गेन नाही." मी सहज म्हटलं, अगं, शिकारी ओरडेल कशाला? सावज पळेल ना! लहानपणी सुसामीरच्या कुरणावर बुजरी घोडी धरायची असली की माझी आई लाडानं हाक मारायची, दोर पाठीमागे लपवून. आणि करून दाखवलं —

"कुरूऽ... कुरूऽ... ये गं माझे बाई. भिऊ नकोस. मी आलोय ना."

एक दाढीवाला गडी खुर्ची मागे सरकवत भिंतीला जाऊन टेकला. ऐदाईचं बिस्कीट चहात विरघळून गेलं, तिचं लक्षच नाही.

"एजे," ती कुजबुजली, "परत म्हणा. इकडे माइकजवळ या."

१५ जानेवारी

घरी सांगितलं नाही. सांगणार काय — "एर्मेक बाळा, तुझी आई आजपासून माणसं मारते"? एर्मेक माझा धाकटा. गाड्यांचे सुटे भाग विकतो, आणि स्वतःही लोखंडाचाच आहे. धाकटा म्हणून, आमच्या रीतीनं, घर त्याचं. मी, सून जिपार आणि माझ्या सासूबाई त्यात राहतो. सासूबाईंनी ऐंशी ओलांडली. माझा नवरा गेला तेव्हापासून त्यांचं सगळं माझ्याच हातून होतं. दुसऱ्या कुणाचा चहा त्यांना गोड लागत नाही.

"थिएटरात नवा खेळ बसतोय," म्हटलं.

"कसला हो?" जिपारनं विचारलं.

"शिकारी आणि ससा."

खोटं तरी कुठे बोलले!

२२ जानेवारी

आज मर्गेनचे पाय आले!

म्हणजे मुकाश आके. गेममधले आवाज हातापायांनी काढतात. आधी सिनेमात हेच करायचे. थोराड माणूस, पांढऱ्या मिशा, आणि चाल मांजराची. उशीच्या अभ्र्यात बटाट्याचं पीठ भरून आणलं होतं. त्यावर नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे, जुने बूट घालून पाय ठेवला — कर्रर्र! बर्फ! तळघरात बर्फ पडला! मी टाळ्याच वाजवल्या, ससा बघून मुलं वाजवतात तशा.

काम असं — मी माइकपुढे श्वास घ्यायचा, आणि त्यांनी त्या श्वासावर पाऊल टाकायचं. मर्गेन कधी धावत नाही. चालतो. थांबतो. ऐकतो. पुन्हा चालतो. ते सारखे माझ्या खांद्यांकडे बघत होते.

"काय बघताय?" मी शेवटी विचारलंच.

"तुमचा श्वास खांद्यात दिसतो. तो वर गेला की माझा पाय उचलतो."

बाई गं! त्यानंतर मला धड श्वासच घेता येईना. ऐदाई ओरडली, "एजे, मर्गेन आहे तो, त्याला धाप का लागलीय?"

२३ जानेवारी

नवा स्कार्फ बांधून गेले. हिरवा. उगीच.

४ फेब्रुवारी

आज हाडं मोडली. कोबी! गारठलेला कोबी पिळला की माणसाचा हात मोडल्यासारखा आवाज येतो. मुकाश आके घामाघूम होऊन कोबी पिळताहेत आणि मी लाडानं म्हणतेय, "अरे अरे, दुखलं? दाखव बघू. आत्ता थांबेल." दाढीवाला गडी कानांवर हात ठेवून बाहेर गेला.

मग त्याच कोबीची मुकाश आकेंनी स्टोव्हवर भाजी केली, मटण घालून. "या, मर्गेनच्या हातचं जेवा." मी दोनदा वाढून घेतली. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी तिकडे रशियात, कझानला. स्वयंपाक स्वतःच शिकले. खारट करतात जरा.

"मस्त झालीय, आके," म्हटलं.

"एक सांगू? आके नका म्हणू मला."

"मग काय म्हणू? तुम्ही मोठे आहात, दादासारखे."

"थोडाच मोठा आहे. मुकाश म्हणा."

नाही म्हटलं. घरी येताना बसमध्ये मात्र म्हणून बघितलं, अगदी हळू. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. बहुतेक तिलाच बोलावतेय असं वाटलं तिला!

१३ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा तो पडद्यावर चालताना पाहिला. उंच, लांडग्याच्या कातड्याची टोपी, पाठीवर बंदूक. चेहरा सावलीत. पण श्वास माझा! आणि पावलं त्यांची! ती मुलगी कणगीमागे लपलेली, आणि तो थांबतो, मान तिरकी करतो, म्हणतो, "थंडी वाजते ना तुला? बाहेर ये. शेकोटी पेटवलीय." माझ्याच अंगावर काटा आला. मीच म्हटलेलं वाक्य, आणि मीच पाय वर घेऊन बसले!

खेळून बघायला ऐदाईनं कॉलेजचे चार धिप्पाड पैलवान बोलावले होते. एकानं हेडफोन फेकला. दुसरा म्हणाला, "मला माझी मावशी बोलावतेय असं वाटलं, आणि मी गेलो ना बाहेर! आपल्या पायानं गेलो!" ऐदाई नाचत होती.

मुकाश माझ्या कानाशी वाकले. "बघा, झूरा. आपलं दोघांचं लेकरू."

असलं बोलतात! मी अठ्ठावन्न वर्षांची बाई, कानापर्यंत लाल झाले.

२८ फेब्रुवारी

गेमची झलक इंटरनेटवर आली. आणि आली ती थेट आमच्या स्वयंपाकघरात! मी आणि जिपार मांतीच्या पाऱ्यांत खिमा भरत होतो. तिनं मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवला. "आई, हे बघा, सगळं बिश्केक पागल झालंय. एर्मेकनं काल बाथरूमला जाताना मला उठवलं, सोबतीला!"

एर्मेकनं! लोखंडाच्या माणसानं!

"कुरूऽ... कुरूऽ..." डब्यातून मी बोलले. माझ्या हातातली मांती फुटली.

सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "ही हाक सुसामीरची आहे." आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी कांद्याच्या नावानं डोळे पुसले. हसू आवरेना म्हणून, दुसरं काय!

८ मार्च

आज महिला दिन. मुकाशनी तळघरातल्या सगळ्या पोरींना एकेक ट्यूलिप दिलं. मला काहीच नाही. मी मनातून खट्टू, वरून साळिंदर. मग निघताना जिन्यावर थांबवलं. कागदात गुंडाळलेले नमद्याचे बूट. नवे. माझ्या मापाचे. माप कुठून कळलं?

"ऐकून. इतके दिवस तुमची पावलं जिन्यावर ऐकतोय."

मग मिशीवरून हात फिरवला, खाकरले. केवढ्या लोकांना घाबरवणारे ते पाय नुसते एक पायरी वर, एक पायरी खाली करत होते!

"झूरा, आपण दोघांनी मिळून एक राक्षस उभा केला. आता एक घर करून बघू या का?"

मी काय करावं? हसले! इतकी हसले की जिन्यावर बसले. ते बिचारे पांढरेफटक. "हसताय म्हणजे नाही का?"

"हसतेय म्हणजे हो, मुकाश!"

९ मार्च

कढईतले बोर्सोक जळले. दूध उतू गेलं. सासूबाईंच्या चहात दोनदा मीठ. त्या तशाच प्यायल्या.

१५ मार्च

आज एर्मेकला सांगितलं. जेवताना, सगळ्यांसमोर. लपवणं मला जमत नाही, आणि या वयात लपवू तरी कशाला?

आधी त्याला वाटलं थट्टा करतेय. मग ताट सरकवलं.

"लाज नाही वाटत? बाबांना जाऊन किती दिवस झाले?"

"नऊ वर्षं, बाळा."

"लोक काय म्हणतील? एर्मेकला आई सांभाळता आली नाही, म्हातारपणी दुसरीकडे गेली! आणि माणूस तरी कोण? काय करतो तो? पाय आपटतो!"

"नुसते आपटत नाहीत. फार सुंदर आपटतात."

जिपारनं ओढणी तोंडात कोंबली. तो उठून उभा राहिला, आवाज चढत चाललेला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मी काही ठरवलं नव्हतं — तो आवाज.

"ये, बाळा. बस खाली. भिऊ नकोस. मी आहे ना."

एर्मेक बसला. मटकन! चेहरा चुन्यासारखा. वाटी लवंडली.

"तो... मर्गेन... तू आहेस?"

जिपार आता उघड उघड हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. मीही. वाटलं, झालं, आता हाही हसेल. ओठ हललेसुद्धा त्याचे. पण तोच लोखंडाचं झाकण पडलं. "जायचं तर जा. पण मग या दारातून परत येऊ नकोस. आणि आजी इथंच राहील. ती या घरातली आहे."

सासूबाई भाकरी कुस्करत होत्या. मान वर केली नाही.

१७ मार्च

सासूबाईंना माझ्याशिवाय कोण उठवणार, कोण पाय चोळणार? एवढा एकच प्रश्न. दुसऱ्या कशाचीच मला भीती नाही.

मुकाशना सांगितलं. ते म्हणाले, "थांबतो मी. मर्गेनला घाई नसते." आणि मी भर तळघरात रडत रडत हसले. बूट मात्र घालून गेले होते.

२१ मार्च

नौरोज. गेम आज सगळीकडे मिळायला लागला. चौकात गर्दी, मोड आलेल्या गव्हाच्या सुमोलोकच्या मोठ्या कढईत बायका उलथनं फिरवताहेत, आणि त्यातलीच एक दुसरीला हाक मारते, "कुरूऽ, ये गं, ढवळ जरा!" सगळ्या खिदळल्या. माझा आवाज, त्यांना ठाऊकही नाही! ऐदाईचा फोन आला, नुसती किंचाळत होती. माझ्यापेक्षा कितीतरी छान किंचाळते पोरगी. त्या म्हातारीचं काम तिलाच द्यायला हवं होतं.

माझी ढवळायची पाळी आली. ढवळताना मनातलं मागायचं असतं. मी डोळे मिटले, आणि एकदम स्पष्ट कळलं की मला जायचंय. हुंदके देत नाही, उड्या मारत जायचंय.

घरी येऊन सासूबाईंच्या पायाशी बसले. आईला हाक मारावी तसं म्हटलं, "आपा, मी जाते आहे. रोज तुम्हाला बघायला येईन, एर्मेकनं दारात उभं केलं नाही तर खिडकीतून बघेन. तुम्ही नाही म्हणालात तर मात्र माझा पाय उचलणार नाही."

त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चहा दे." मी दिला. त्यांनी घेतला, आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. ना हो, ना नाही. यातून काय समजायचं? नाही तर म्हणाल्या नाहीत!

२९ मार्च

निकाह झाला. मुकाशच्या घरी, दुपारी. मौलवी, दोन शेजारी, ऐदाई आणि तिची पलटण. दाढीवाला गडी मौलवींना विचारत होता, "वधूला भ्यायलं तर चालतं का?" पांढरा स्कार्फ ऐदाईनं बांधला, वाकडा. मुकाश "कबूल" म्हणाले ते इतकं हळू की मौलवींनी परत म्हणायला लावलं. मी म्हणाले ते चौकापर्यंत ऐकू गेलं असेल.

जिपार धावत येऊन मिठी मारून गेली. एर्मेक आला नाही. वाट बघितली मी. पुलाव खारट झाला होता, आम्ही सगळा संपवला.

३० मार्च

सकाळी दारासमोर टॅक्सी थांबली. सासूबाई! बरोबर गाठोडं, गादी, स्वतःची चहाची वाटी. काठी टेकत सरळ आत आल्या, शेगडीजवळची जागा बघून बसल्या. मुकाश दारातच खिळलेले. त्यांना म्हणाल्या, "उभा काय राहिलास? बूट काढ, आत ये. घर तुझंच आहे."

मी रडायला लागले. म्हणाल्या, "गप. मुलगा गेला त्याच दिवशी सून संपली. उरली ती लेक. म्हातारी लेकीकडे राहायला आली, त्यात रडण्यासारखं काय?"

एर्मेकचा फोन वाजत होता. मी घ्यायला गेले, पण त्यांनीच उचलला. "मी लेकीकडे आहे. न्यायला येऊ नकोस. जेवायला ये."