आईशेजारची जागा

लुडविग्सहाफेन,
८ फेब्रुवारी २००९

ती. सुदामदादास,
शि. सा. न. वि. वि. आणि आपल्या पद्धतीने जोहार.

पाचवीत मास्तरांनी घोकून घेतलेली ही अक्षरं अजून हातातून सुटत नाहीत. जन्मभर आपण बहीणभाऊ गोंडीत भांडलो आणि पत्रं मात्र मराठीत लिहिली. गावात अजून फोनची रेंज येत नाही हे एका परीने बरंच आहे. आज लिहायचं आहे ते मला फोनवर बोलता आलं नसतं.

आधी वाईट बातमी सांगते, म्हणजे तुझं ओरडणं लवकर आटपेल. नोव्हेंबरमध्ये माझं ऑपरेशन झालं. पोटात गाठ होती आणि ती चांगली नव्हती. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. डॉक्टर हसून बोलतात. पण इथले डॉक्टर सगळंच हसून सांगतात, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. यशपाल कारखान्यातून रोज वेळेवर घरी येतो, यावरूनच काय ते समज. मैत्री चौदाची झाली. मी गोंडीत विचारते, तिचे बाबा मराठीत विचारतात आणि ती दोघांनाही जर्मनमध्ये उत्तर देते.

परवा यशपालच्या एका सहकाऱ्याला पोहोचवायला आम्ही इथल्या फ्रीडहोफमध्ये, म्हणजे दफनभूमीत, गेलो होतो. तिथे एका जुन्या कबरीच्या दगडावर पिवळा कागद चिकटवलेला होता. मला वाटलं, कुणी श्रद्धांजली लिहिली असेल. वाचलं तर नोटीस होती. जागेची मुदत संपली आहे, नातेवाइकांनी कार्यालयात यावं. इथे मेलेल्या माणसाला वीस-पंचवीस वर्षांचीच जागा मिळते म्हणे. कोणी आलं नाही तर दगड उचलून नेतात. दादा, मी त्या कागदापुढे उभी राहिले आणि मला गोटुलामागचा आपला माळ आठवला. आजोबांच्या आजोबांचा दगड अजून तिथे आहे. त्याला कुणी मुदत विचारलेली नाही.

तू मागे लिहिलंस की नव्या वनहक्क कायद्याखाली गाव जंगलावर दावा करतंय आणि त्यासाठी ग्रामसभेच्या माणसांची यादी नव्याने होते आहे. त्या यादीत माझं नाव घाल. मला जंगल नको, बांबू नको, मोहाचं एक फूलही नको. मी मेल्यावर आईच्या दगडाशेजारी माझा दगड उभा राहावा, एवढंच हवं आहे. लग्न झालेल्या बाईचा दगड नवऱ्याच्या कुळात असतो हे मला ठाऊक आहे. पण यशपाल नागपूरचा बौद्ध. त्याच्या लोकांत दगड नाहीतच. मग मी कुठे जाऊ?

वहिनीला आणि मुलांना माझी आठवण सांग. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
कांता

पुसेरगुडा, जि. गडचिरोली
३ मार्च २००९

चि. सौ. कांता हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती गाठ शब्दाशी रडायला लागली ती पुढचं ऐकेचना. तीन महिन्यांनी कळवतेस होय? शेजारच्या गावात कुणाची शेळी आजारी पडली तर आम्हाला दुसऱ्या दिवशी कळतं. आणि सख्ख्या बहिणीचं पोट फाडलं ते आम्ही पोस्टाने वाचायचं. बरी हो आणि मग मार खायला इकडे ये.

मोह वेचणं चालू आहे. शाळेत पोरं येत नाहीत, त्यामुळे मी मास्तर नावालाच. दाव्याचे कागद मात्र मीच करतो आहे. त्रेसष्ट घरांची यादी झाली. वनखात्याचे साहेब आता खुर्ची देतात आणि चहा विचारतात. आईने हे पाहायला हवं होतं.

आता तुझ्या नावाचं. कांते, ग्रामसभेच्या ठरावांची ती जुनी वही माझ्यापुढे उघडी आहे. चौथ्या पानावर १९९१ सालचा ठराव आहे. जातीबाहेर लग्न करणाऱ्या बाईचं नाव यादीतून जाईल, तिचं घर गोटुलात सभेला बसणार नाही, तिला दगड नाही आणि परत येण्याची वाट नाही. अक्षर तुझं आहे. त्या काळी तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं होतं.

तू विसरली नसशील, पण लिहितो. बाहेरून आलेल्या रमेश ठेकेदाराने आपल्या गावच्या मालिनीशी लग्न लावलं, त्याला घेता येत नव्हती ती नऊ एकर आदिवासी जमीन तिच्या नावावर घेतली आणि घरजावई म्हणून गोटुलात बसायला लागला. आपल्याकडे मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं हो झालं तर ठराव होतो आणि एकाने नाही म्हटलं तर थांबतो. बांबूचा ठेका बंद करायचं गावाने तीनदा ठरवलं आणि तीनदा त्या एकट्याने नाही म्हणून मोडलं. तेव्हा तू नागपूरच्या कॉलेजातून आलीस आणि तीन दिवस उभी राहून बोललीस.

त्याआधी अशा बाईला वाट होती. बकरा आणि भात करून गावाला जेवण घातलं की तिचं एकटीचं नाव परत यायचं आणि आईबापाच्या दगडांत तिला जागा मिळायची. विष्णूकाका दोन दिवस हेच सांगत होते की ती वाट राहू दे. तू म्हणालीस की वाट ठेवली तर त्याच वाटेने ठेकेदार येतील. तिसऱ्या दिवशी काकांनी विचारलं की उद्या तुझ्यावर पाळी आली तर? तू हसलीस. म्हणालीस की मग माझं नाव मीच खोडीन. ते ऐकून काका हो म्हणाले.

१९९४ ला तुझं लग्न झालं तेव्हा तू नागपुरात होतीस. नाव मी खोडलं. पेन दोनदा घासावं लागलं. मी आईला ते कधी सांगितलं नाही.

वैशाखात सभा आहे. विषय मांडतो. आशा लावून बसू नकोस. औषधं वेळेवर घे. यशपालरावांना नमस्कार.

तुझा दादा,
सुदाम

लुडविग्सहाफेन,
२२ मार्च २००९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहीतलं माझं अक्षर तू मला इतकं प्रेमाने दाखवलंस की उत्तर लिहायला आठवडा लागला.

इथली एक गंमत सांगते. आमच्या खालच्या मजल्यावरचे हेर (म्हणजे श्रीयुत) बाउमान करखात्यात कारकून आहेत. शनिवारी ते डोक्याला पिसं लावतात आणि ऱ्हाइनच्या काठी तंबू ठोकून अमेरिकेतले आदिवासी होतात. पन्नासेक माणसांचं मंडळ आहे. त्याचेही नियम आहेत. वर्षभर उमेदवारी करायची, चामड्याचा सदरा स्वतः शिवायचा आणि मग सगळ्यांनी हो म्हटलं तर सभासद. मी गोंड आहे हे त्यांना मैत्रीकडून कळलं. परवा त्यांनी आम्हाला बोलावलं. सगळे उठून उभे राहिले आणि माझ्या लेकीला उमेदवारीशिवाय कार्ड दिलं, वर एक पीस. घरी येताना तिने विचारलं की आई, आपल्या खऱ्या गावाचं कार्ड कुठे आहे? मी बसची वेळ पाहत राहिले.

सरकारच्या दाखल्यावर मी मरेपर्यंत गोंड आहे. करखात्याचा कारकूनही मला गोंड मानतो. मानत नाही ती फक्त तुझी वही.

यशपालला मी सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला की यादीबाहेर ठेवलं जाण्याचा आमच्या घराला पिढ्यांचा अनुभव आहे, तू नवीन आहेस म्हणून तुला इतकं लागतं. मला त्याचा राग आला आणि मग त्याच्याच खांद्यावर रडले. हा माणूस रमेश आहे का? याने कधी कुणाची नऊ एकर घेतली? नियम रमेशसाठी होता, दादा. तुम्ही तो माझ्यावर चालवता आहात.

सभेत सांग की मैत्रीसाठी मी काही मागत नाही. जेवण घालीन. फक्त माझ्यापुरतं बघा. मालिनीचं वेगळं आहे. तिचा नवरा ठेकेदार होता आणि तिने ते डोळ्यांनी पाहून केलं.

एप्रिलची तपासणी जरा लवकर बोलावली आहे. काळजी करू नकोस, लोभ मात्र कर.

तुझी,
कांता

पुसेरगुडा,
१९ मे २००९

चि. सौ. कांता हिस,
अ. उ. आ.

सभा झाली. जसं झालं तसं लिहितो, तुझ्यापासून काही चोरत नाही.

मी विषय मांडला. तुझं दुखणं सांगितलं. बायांनी पदर तोंडाला लावले. बांबूच्या ठेक्यावरून खटला झाला तेव्हा तू नागपूरहून वकील आणलास, ते लोक विसरलेले नाहीत. मला वाटलं होतं तसं कुणी भांडलं नाही. विष्णूकाका आता ऐकत नाहीत, त्यांच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं. ते म्हणाले की पोरीला घ्या, लहान होती तेव्हा बोलून गेली. एकेक घर हो म्हणत गेलं.

मालिनी कुंपणाबाहेर बसली होती. यादीत नसलेल्यांनी बाहेर बसायचं हेही तुझ्याच पानावर आहे. रमेश तिला सोडून तालुक्याला दुसरं घर करून राहतो त्याला बारा वर्षं झाली, हे तुला कुणी कळवलं नसेल. ती दोन मुलींना घेऊन गावाच्या टोकाला राहते. तिच्या आईला दगड उभा केला तेव्हा तिला हात लावू दिला नाही. आम्ही सगळे तिथे होतो.

ती उठली आणि कुंपणाबाहेरूनच विचारलं की कांतासाठी वाट उघडताय, तर माझ्यासाठीही उघडणार का?  तिने पुन्हा विचारलं. मग हळूहळू लोक म्हणायला लागले की तिचं कसं होईल, कागदावर ती अजून रमेशची बायको आहे, जंगल मिळायच्या वेळीच तो परत येईल. ते खोटंही नाही. मागच्याच महिन्यात तो दोनदा येऊन गेला. कुणीतरी म्हणालं की कांताचं वेगळं आहे. तुझ्या पत्रातलेच शब्द. तुझं पत्र मी वाचून दाखवलं नव्हतं, तरी ते शब्द आले.

यादी ठेवणाऱ्याचं घर शेवटी विचारायचं असा रिवाज आहे. बासष्ट घरं हो म्हणाली होती. मला विचारलं.

मी नाही म्हणालो.

शिकलेल्या, परदेशी राहणाऱ्या, आपल्या लाडक्या बाईला एक नियम आणि इथेच मोह वेचणाऱ्या बाईला दुसरा, हे मला लिहवेना. दोघींना घ्यावं तर गाव भितं आणि ती भीती मलाही आहे. रमेशचे दोन भाऊ आताच आपल्याकडच्या मुली शोधत फिरताहेत. पंधरा वर्षांपूर्वी तुझं नाव खोडायला पेन दोनदा घासावं लागलं होतं. या वेळी नाही एका दमात म्हणालो, आणि त्याचीच मला भीती वाटते. तुझी वहिनी चार दिवस माझ्याशी बोललेली नाही.

एप्रिलच्या तपासणीत काय निघालं ते कळव. मला कळवायचं नसेल तर वहिनीच्या नावाने लिही.

तुझा दादा,
सुदाम

लुडविग्सहाफेन,
७ जून २००९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

एप्रिलमध्ये गाठ परत निघाली. आता यकृतात आहे. डॉक्टर या वेळी हसले नाहीत, त्यामुळे समजायला सोपं गेलं.

तुझं पत्र वाचून तुला शिव्या दिल्या, गोंडीत. मैत्रीने घाबरून विचारलं की ही कुठली भाषा, मग तिच्या लक्षात आलं. बासष्ट घरांनी मला घेतलं आणि माझ्या सख्ख्या भावाने दार लावलं. माझ्या आईच्या शेजारी कोण झोपणार हे तू ठरवलंस. तुला माफ करायचा मी फार प्रयत्न केला, जमत नाही. कारण तुझ्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हणाले असते, आणि तुझ्यासारखं रडवेलं पत्रही लिहिलं नसतं. तेवीस वर्षांची होते दादा. जमीन वाचवत होते. जमीन वाचली. बाई आपण कुंपणाबाहेर ठेवली ते मला दिसलं नाही, कारण ती बाई मी नव्हते.

मैत्रीने पीस आणि कार्ड हेर बाउमानना परत नेऊन दिलं. ते बिचारे विचारत होते की काही चुकलं का. ती म्हणाली की आल्झो, म्हणजे असं बघा, चुकलं काही नाही, पण हे आमचं नव्हे. घरात बाणेदार तेवढी तीच उरली आहे.

काल यशपालबरोबर फ्रीडहोफच्या कार्यालयात जाऊन आले. बाई फार सभ्य होती. माझी जात, माझं गाव, नवऱ्याचं कुळ, काही विचारलं नाही. पंचवीस वर्षांची जागा दिली. भिंतीच्या कडेला आहे, एक बर्चचं झाड आहे. मुदत संपेल तेव्हा मैत्री चाळिशीला येईल. पिवळा कागद तिला दिसला तर दिसला.

एक काम कर. मालिनीकडे जा. आम्ही दोघींनी एकाच पाटीवर अक्षरं गिरवली. तरी वहीतलं चौथं पान लिहिण्याआधी मी तिला जाऊन भेटलेसुद्धा नाही. तिला माझा जोहार सांग आणि माझं चुकलं असं सांग. तिने घेतला तर कळव. नाही घेतला तरी कळव.

पत्राच्या शेवटी लोभ मागायचा असतो. यादीबाहेरच्यांना तो मागता येतो की नाही, ते वहीत बघून सांग.

कांता

पुसेरगुडा,
१ जुलै २००९

चि. सौ. कांता हिस,
अ. उ. आ.

मालिनीकडे गेलो होतो. ती धानाच्या बांधावर होती. तुझा जोहार सांगितला, दुखणं सांगितलं, चुकलं म्हणालीस तेही सांगितलं. तिने काम थांबवून सगळं ऐकून घेतलं. जोहार घेतला नाही. मी तरी थांबून राहिलो. तेव्हा तिने विचारलं की कांताला तिकडे जागा मिळाली का. मी म्हणालो की मिळाली, पंचवीस वर्षांची.

ती म्हणाली की मग तिचं बरं झालं म्हणायचं, मला इथे एका दिवसाचीही नाही. आणि पुन्हा कामाला लागली.

वहीत बघितलं. लोभाबद्दल काही लिहिलेलं नाही. तुझ्या वहिनीचा आणि माझा आहे.

तुझा दादा,
सुदाम