स्वयंपाकघरातले टेबल आणि त्याचा चौथा पाय

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चोपन्न, धंदा वजनकाटे दुरुस्तीचा, आज सकाळी न्याहारी करून, चष्मा पुसून, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, ती येत्या गुरुवारी बदलणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धोका शंभरात तीन. मी उभ्या आयुष्यात हजारात एकाचा फरक चालवून घेतला नाही, त्यामुळे शंभरात तीन मला किरकोळ वाटत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मुलगा तर फोनवर म्हणाला, "बाबा, कशाला हे अभद्र?"

दोन वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द होत आहे. का, ते कलम पाचमध्ये येईल. मध्येच पाने उलटून तिकडे जाऊ नये.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरचे राहते घर आणि बँकेतील सर्व ठेवी पत्नीच्या. यावर चर्चा नको.

कलम २. दुकान मुलाचे. त्याला काट्यांत रस नाही हे मला ठाऊक आहे, त्याने ते खुशाल विकावे. मात्र पितळी वजनांचा पेटीतला संच विकू नये. लहानपणी तो त्या वजनांचे मनोरे रचायचा आणि मी ओरडायचो, "बोटाचा घाम लागला की वजन बदलतं!" बदलते हे खरेच आहे. तरी आता तो संच त्याचा. त्याने मनोरे रचावेत.

कलम ३. स्वयंपाकघर. वकिलांना 'जुने लाकडी सामान' एवढेच लिहून मोकळे व्हायची सवय असते, म्हणून सविस्तर लिहितो.

मूळ कल्पना पत्नीची. एका मासिकातला फोटो कापून तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. कुठल्याशा शेतावरचे घर, पांढऱ्या फळ्यांच्या भिंती, खोल सिंक, मधोमध जाडजूड टेबल. फोटो पिवळा पडला तरी ती तो काढेना. शेवटी मी म्हटले, "बनवू." ती म्हणाली, "अहो, आपल्या खिडकीतून बसडेपो दिसतो." मी म्हटले, "मग खिडकीकडे पाठ करून बनवू."

हे काम मला कोणी शिकवले नाही. भिंतीच्या फळ्या पाडलेल्या गोदामाच्या जमिनीतल्या. त्यातले सहाशे बारा खिळे मी उपटले आणि प्रत्येक फळी पुढच्या फळीत खाच पाडून बसवली. सिंक बंद पडलेल्या प्रयोगशाळेतले, चौऱ्याऐंशी किलोचे, चौघांनी दोन मजले चढवले. सरकते दार धान्याच्या कोठाराचे, आणि ते ज्या चाकांवर धावते ती एका मोडीत निघालेल्या मोठ्या काट्याची. टेबलावरचे तीन दिवे म्हणजे तराजूची पालथी पारडी. पहिल्या दिवशी ते लावले तेव्हा पितळेचा उजेड फळ्यांवर पसरला, आणि आम्ही दोघे दारातच उभे राहिलो. आत पाऊल टाकायला कोणीच तयार होईना. ती हळूच म्हणाली, "चपला काढा." आपल्याच स्वयंपाकघरात!

मुलाने विचारले होते, "बाबा, सगळं ठीक, पण शेत कुठाय?" हा विनोद इमारतीतल्या एकूण अकरा जणांनी केला. नोंद ठेवली आहे.

कलम ४. पाणसळ, म्हणजे पातळी बघायची बुडबुड्याची नळी, मेहुण्यांना. सात वर्षांपूर्वी त्यांनी ती एका दिवसासाठी नेली आणि परत आणली तेव्हा बुडबुडा डावीकडे सरकलेला होता. म्हणाले, "अहो भावोजी, तुमचीच भिंत तिरकी असेल." तीच पाणसळ मी त्यांना देत आहे. तिच्यावर भिस्त ठेवून त्यांनी खुशाल काहीही बांधावे.

कलम ५. टेबल. डेपोच्या आवारात वादळात एक झाड पडले, त्याचे ओंडके मी मिळवले. तळमजल्यावर सुतारांचे दुकान आहे. ते म्हणाले, "काटेवाले, लाकूड ओलं आहे. वर्षभर सावलीत रचून ठेवा. घाई केलीत तर फळी पीळ खाईल आणि टेबलाचा एक पाय जमिनीवरून उठेल." मी म्हटले, "अंदाज तुम्ही करा. मी वजन करतो." रोज सकाळी मी एक फळी काट्यावर ठेवायचो. वजन उतरत गेले, मग सलग आठ दिवस एका ग्रॅमनेही हलले नाही. मी जाहीर केले, लाकूड वाळले. ते आठही दिवस पाऊस होता. लाकूड वाळले नव्हते, थांबले होते. काटा खोटे बोलला नाही, पण मी त्याला चुकीच्या ऋतूत प्रश्न विचारला. हे मला आत्ता, नऊ वर्षांनी, कळले आहे.

टेबल झाल्यावर मी सुतारांना वर बोलावले, पेला काठोकाठ भरून टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यावर मूठ आपटली. थेंब सांडला नाही. मी म्हणालो, "शिकलेल्यांचं हे असं असतं, नुसता अंदाज. न शिकलेल्याचं काम बघा." ते म्हणाले, "सहा महिन्यांनी बोलावा." सहा महिन्यांनी बोलावले. तोच पेला, तीच मूठ, थेंब नाही. मी हसलो, जरा जास्तच हसलो. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद. पेल्याचा हा प्रयोग मी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दाखवला आहे. दर वेळी पत्नी म्हणायची, "थांबा, आधी फडकं मारते," आणि खाली वाकून पायसुद्धा पुसायची. मला वाटे, काय ही स्वच्छता! टेबलाला वर्षातून एकदा तेल लावायचो तेव्हाही ती म्हणे, "वरचं तुम्ही करा, खालचं मी करते. तुमची कंबर धरेल."

गेल्या रविवारी ती इस्पितळात न्यायच्या वस्तू आणायला बाजारात गेली होती. मनात आले, निदान एकदा टेबल खालूनही बघून जावे. चटई टाकून उताणा झालो. खिडकीकडच्या पायाखाली एक बारीक रेघ दिसली. बॅटरी लावली. पायाच्याच आकाराची, त्याच रंगाची, त्याच तेलाची लाकडी चकती. एका कडेला एक पूर्णांक नऊ मिलिमीटर, दुसऱ्या कडेला दोन पूर्णांक तीन. वर दोन इवल्या खुंट्या, पायाला दोन भोके, म्हणजे चकती काढता-घालता यावी. मी काट्यांचे पाय असेच बसवतो. दुकानात जेवणाचा डबा घेऊन आली की स्टुलावर बसून ती बघत असायची. मला वाटायचे, डबा रिकामा व्हायची वाट बघते आहे.

सिंकखाली बटणांचा डबा सापडला. त्यात आणखी दोन चकत्या, कागदात गुंडाळलेल्या, वर तिच्या अक्षरात 'पावसाची' आणि 'थंडीची'. पायाखाली होती ती उन्हाची. हवा बदलली की फळीचा पीळ बदलतो आणि ती चकती बदलते. डब्याच्या तळाशी फसलेल्या चकत्या होत्या, एकतीस. मी सगळ्या जमिनीवर ओळीने मांडल्या. पहिली कुऱ्हाडीने तोडल्यासारखी ओबडधोबड. दहावी बरी. विसाव्या चकतीपाशी माझा हात थांबला. शेवटच्या दहांतली एकही मला जमली नसती. हे मी माझ्या हस्ताक्षरात लिहीत आहे, वाचणाऱ्याने तारीख बघून ठेवावी.

मग सगळे होते तसे ठेवले आणि 'थंडीची' तेवढी खिशात घालून खाली गेलो. नऊ वर्षांनी सुतारांच्या दारात उभा राहिलो आणि विचारले, "ही तुम्ही केलीत?"

त्यांनी चकतीवरून अंगठा फिरवला. "मी केली असती तर कड एवढी मऊ केली नसती. वेळ कुणाला आहे? वहिनींची आहे. पटाशीला धार लावून न्यायला यायच्या."

"मग बोलला का नाहीत? तुम्ही जिंकला होतात."

"वहिनींनी हात जोडले. म्हणाल्या, जिंकू द्या त्यांना. हरले तर टेबल मोडून पुन्हा करतील, आणि मला पुन्हा चार महिने जमिनीवर बसून भाजी चिरावी लागेल."

आम्ही दोघे हसलो. मला दम लागला, म्हणून त्यांनी स्टूल पुढे केले. काल ती बहिणीकडे गेली असताना सुतार वर आले, त्यांनी टेबलाचा तो कोपरा स्प्रिंगकाट्याला अडकवून उचलून धरला आणि मी वजन वाचले. सव्वीस किलो चारशे. हा कोपरा ती वर्षातून तीनदा एका हाताने उचलते आणि दुसऱ्या हाताने चकती बसवते. नऊ वर्षे. मी पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असताना.

कलम ६. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही, असे वकीलबाईंनी बजावले आहे. सुतार साक्षीदार आहेत, म्हणून त्यांना मी काहीही देत नाही. 'शिकलेल्यांचं हे असं असतं' हे शब्द फक्त परत घेतो. परत घेण्यावर कायद्याची हरकत नसावी.

कलम ७. आधीच्या मृत्युपत्रात माझी सर्व हत्यारे मुलाला होती, आणि पत्नीने स्वयंपाकघरातली एकही फळी हलवू नये अशी अट होती. अट रद्द. रंधे, करवती, पटाश्या, मोजपट्ट्या, सगळे पत्नीला, कारण घरातला दुसरा कारागीर तीच आहे, आणि पहिला कोण यावर मला आता शपथ घेता येणार नाही. तिने फळ्या हलवाव्यात, भिंत पाडावी, दार उलटे टांगावे. तिला विचारणारा मी कोण?

कलम ८. डबा सापडला, हे मी तिला अजून सांगितलेले नाही. गुरुवारनंतर घरी आलो तर स्वतः सांगेन. न आलो तर हे कलम मुलाने तिला मोठ्याने वाचून दाखवावे, टेबलाशी बसवून. डॉक्टरीणबाईंनी तीन महिने वजन उचलायला मनाई केली आहे. मी हिशेब केला, पावसाच्या चकतीची वेळ त्यानंतर येते. तेव्हा कोपरा मी उचलणार आणि चकती ती बसवणार. मृत्युपत्रात शेवटची इच्छा लिहितात. ही तसली नाही, ही पावसाळ्यातली आहे.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. त्या वेळी पत्नी बाहेरच्या खोलीत होती. सह्यांच्या वेळी तिने चहा आत आणला. मी सवयीने पेला काठोकाठ भरून टेबलावर ठेवला. ती म्हणाली, "थांबा, आधी फडकं मारते." सुतार छताकडे बघू लागले. मी म्हणालो, "मार, सावकाश मार. आम्हाला घाई नाही."

ती वाकली, पाय पुसला, उठली. मी मूठ आपटली.

लिहून देणार: (सही) काटेवाला, दुसरा मजला

साक्षीदार १: (सही) सुतार, तळमजला. थेंब सांडला नाही, हे मी पाहिले.

साक्षीदार २: (सही) डॉक्टरीणबाई, तपासायला घरी आले होते. यांनी मूठ आपटायला नको होती.

स्थळ: स्वयंपाकघर. दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. पायाखाली उन्हाची चकती.