लाखनीच्या गिरणीत आणलेली शिस्त

१७ ऑक्टोबर १९८३, सोमवार
आज सकाळी अंघोळ झाली, हनुमानाला दिवा लावला, मग आरशासमोर उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, टिकारामजी, आपण लीडर आहात. स्वयंपाकघरातून चंद्रकांताने विचारलं, कोण आलं जी? चहा मांडू का?

नागपूरच्या लीडरशिप शिबिरातला हा पहिला धडा. टाय लावलेले, शिकवणारे साहेब म्हणाले, मालक वेगळा आणि लीडर वेगळा. मालकाला लोक भितात, लीडरला मानतात. मला आजवर ना कोणी भ्यालं, ना मानलं. तिथे हे बोललो नाही. चहाच्या वेळी सगळे आपापले कारखाने सांगत होते. मी म्हणालो, राइस मिल. धानाची गिरणी म्हटलं असतं तर ऐकणारा लगेच दुसरीकडे वळला असता.

वय एकोणपन्नास. गिरणीवरच्या पाटीवर नाव माझं. पण धान घेऊन आलेला माणूस फाटकातूनच ओरडतो, भैय्यालाल हाय का? भैय्यालाल माझा धाकटा भाऊ. धान सडायच्या हलरजवळ बसून दिवसभर शिव्या देतो. तेच त्याचं मॅनेजमेंट.

संकल्प: १) रागावायचं नाही. २) रोज एकाची स्तुती. ३) गिरणी हातात घ्यायची.

१९ ऑक्टोबर
मीटिंग घेतली. सगळ्यांना तरटावर बसवून म्हणालो, प्रत्येकाचं मत मोलाचं आहे, मोकळेपणी बोला.  इंजिन चालवणाऱ्या गोपीचंदने विचारलं की मीटिंग झाली असेल तर इंजिन सुरू करू का, बाहेर गाड्या खोळंबल्या आहेत. भैय्या म्हणाला, दादा, तुले शिबिरात खायले तरी बरं दिलं का?
पूर्वी मी यावर चिडलो असतो. आज हसलो. साहेबांनी दाखवलं तसं, दात दिसतील असं. पाखडणारी गिरजाबाई म्हणाली, दाढ दुखून राहिली का जी? लवंग ठेवा.

२४ ऑक्टोबर
सर्वांसमोर गोपीचंदची स्तुती केली. तुझ्यासारखा माणूस गिरणीला मिळणार नाही, असं म्हणालो. त्याचं तोंड उतरलं. संध्याकाळी त्याची बायको माझ्या बायकोकडे आली. ह्यायले कामावरून काढून राहिले का जी, असं विचारत होती. स्तुती तात्पुरती बंद. माणसं अजून तयार नाहीत.

२९ ऑक्टोबर
आज मोठं पाऊल टाकलं. शिबिरात सांगितलं होतं, सिस्टीम माणसापेक्षा मोठी. आपल्याकडे सिस्टीमच नाही. भैय्या वाटेल त्याचं धान आधी काढतो. मागून आलेल्याला पुढे घेतो, पुढच्याला आईबहिणीवरून बोलतो आणि तो माणूस हसत बिडी ओढत बसतो. हा काय प्रकार आहे?
टिनाचे बिल्ले कापून घेतले, वर नंबर रंगवले. आला त्या क्रमाने बिल्ला, बिल्ल्याच्या क्रमाने धान. भैय्याला समजावलं की यापुढे तू फील्ड पाहायचं, हलरजवळ मी बसेन. तो म्हणाला, दादा, फील्ड म्हणजे कोनतं शेत, कोनती बांधी? मी म्हणालो, जनसंपर्क. त्याने बसायचं पोतं माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाला, बस तू. आणि निघून गेला.
संमती मिळाली. इतकं सोपं होतं.

४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
इंजिनाची पूजा. भैय्या आला, इंजिनाला कुंकू लावलं, माझ्याशी न बोलता गेला. आत्मपरीक्षण करत असावा. त्यालाही शिबिराला पाठवायला हवं. देवाजवळ गिरणीसाठी बरकत मागितली आणि भैय्यासाठी समज.

८ नोव्हेंबर
बिल्ल्यांचा पहिला पूर्ण दिवस. आरडाओरड नाही, शिवी नाही. फक्त हलरचा आवाज. समाधान वाटलं. लोक इतके शिस्तीत बसले होते की एकमेकांशीही बोलत नव्हते.
दुपारी पोहऱ्याचे कृष्णराव आले. मागे त्यांच्या गावच्या आणखी गाड्या. सगळ्यांचे नंबर शेवटचे. म्हणाले, परवा आमची मंडई हाय जी. मी गावच्या जत्रेबद्दल अभिनंदन केलं.  ते म्हणाले, ज्या गावची मंडई, त्या गावचं धान भैय्यालाल पहिले काढते. बाकीचे थांबतेत, त्यायची मंडई आली का आमी थांबतो. मी विचारलं, असं कुठे लिहिलं आहे? ते म्हणाले, लिवाले कायले पायजे?
दिवाळीनंतर प्रत्येक गावची मंडई वेगळ्या दिवशी, हे मला ठाऊक आहे. लेकी-जावई येतात, घरोघर नव्या तांदळाचा भात होतो, जुना तोवर संपलेला असतो. मी काही परका नाही. पण साहेबांचे शब्द आठवले: एक अपवाद केला की सिस्टीम मेली. नम्रपणे नाही म्हणालो. हसूनसुद्धा.

१० नोव्हेंबर
पोहऱ्याच्या मंडईला गेलो. दरवर्षी आम्हा दोघांना बोलावणं असतं. यंदा भैय्याचं आलं, माझं बहुधा राहून गेलं. चार शब्द बोलायची तयारी ठेवली होती, संधी मिळाली नाही.
भैय्या पुढे बसला होता, गळ्यात हार. कळलं ते असं की परवा तो पोहऱ्याच्या गाड्या फाट्यावरच्या गिरणीत घेऊन गेला. निम्म्यांचं धान निघालं, निम्म्यांचं राहिलं.
दुपारी दंडारीच्या नाटकात एक सोंग चांगलं होतं. एक माणूस जावयाला जेवायला बसवतो आणि गळ्यात पाटी अडकवून सांगतो, तुमचा नंबर बावीस, भात उद्या. जावई विचारतो, सासरेबुवा, बायको तरी आज नेऊ का? तिचा नंबर तेवीस. लोक हसून लोळत होते. मीही हसलो. रेशन दुकानदारावर होतं. आजूबाजूचे माझ्याकडे पाहून का हसत होते ते मात्र समजलं नाही.

१३ नोव्हेंबर
पोहऱ्याची शकुनबाई आली. बिल्ला माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, नवा जावई पहिल्यांदा आला होता जी. कनकीचा, तुकड्या तांदळाचा भात खाऊन गेला. पोरगी चुलीपाशी रडत होती. हा घ्या तुमचा टीन, घरी नेऊन शिजवा, मीठ टाकजा.
मी बिल्ला उचलून खिळ्याला अडकवला. नेत्याने टीका पचवावी. रात्री मात्र भात गेला नाही.
सोंग रेशन दुकानदारावर नव्हतं.

१७ नोव्हेंबर
गाड्या नाहीत. पोहरा, मुरमाडी, सालेभाटा, सगळे फाट्यावर जातात. तिथला म्हातारा मालक आता भैय्यालाललाच हलरजवळ बसवतो म्हणे. गोपीचंद पोत्यावर झोपतो. मला चिंतनाला वेळ मिळतो, हा फायदा.
वडील गेले तेव्हा भैय्या पाटीपेन्सिल घेऊन शाळेत जात होता. मी सातवीनंतर शाळा सोडून गिरणीत उभा राहिलो. त्याला वाढवलं, त्याचं लग्न केलं. त्याची ही परतफेड. ठरवलं: त्याच्याशी समोरासमोर स्पष्ट बोलायचं. उद्याच.

१८ नोव्हेंबर
पोट बिघडलं. दुखण्यात कठोर बोलू नये.

२१ नोव्हेंबर
सायकल काढली. अर्ध्या वाटेवरून परतलो. मोठ्याने का जावं, हा विचार आला. तो येईल.

२४ नोव्हेंबर
चंद्रकांता म्हणाली, भावाले आनाले जाता का मी जाऊ? लहानपनी ताप आला तं त्याले खांद्यावर घेऊन भंडाऱ्यापर्यंत गेले होते म्हनता ना? आता फाट्यापर्यंत जायाले पाय दुखतेत का?
मी म्हणालो, तुला लीडरशिप कळत नाही. ती म्हणाली, मले नाई कळत. पन पोरं काका काहून येत नाई म्हून विचारतेत, ते तुमी सांगजा.
दिवसभर मोकळ्या गिरणीत बसलो. एक गोष्ट ध्यानात आली. इतक्या वर्षांत या फाटकातून माझ्या नावाने कोणी हाक मारली नाही. भैय्या नाही तर आता कोणाच्याच नावाने मारत नाहीत.

२५ नोव्हेंबर
मार्ग सापडला. साहेब म्हणाले होते, दुसऱ्याला मोठेपण द्या, तो तुमचं मोठेपण मान्य करेल. भैय्यासमोर गिरणीच्या चाव्या ठेवायच्या आणि म्हणायचं, तूच चालव. तो गहिवरेल. म्हणेल, दादा, हे काय करून राहिला तू? चाव्या माझ्या हातात परत देईल आणि आम्ही दोघं एकत्र घरी येऊ. चंद्रकांताला वडे करायला सांगावे का? नको, आधी सांगायचं नाही.

२८ नोव्हेंबर
गेलो. फाट्यावर गाड्यांची गर्दी, भैय्या कोणाला तरी त्याच्या सासऱ्यावरून शिव्या देत होता आणि तो सासरा शेजारीच बसून हसत होता. मला पाहिल्यावर भैय्याचा आवाज बंद झाला. म्हणाला, या, बसा जी.
जन्मात पहिल्यांदा मला जी म्हणाला.
ठरवलेलं भाषण विसरलो. चाव्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि एवढंच म्हणालो, गिरणी तू चालव. मी हलरजवळ बसणार नाही.
त्याने चाव्या उचलल्या, करदोड्याला बांधल्या. म्हणाला, उद्यापासून येतो. इथल्या म्हाताऱ्याले सांगून देतो.
 तो गाडीवाल्याकडे वळला.
गिरणी दिली. त्याने एकदाही नको म्हटलं नाही.